आपला ब्लॉक आपण कापायचा नाही

तिला सगळे पातळबाई म्हणत. अंगाने ती मुळीच पातळ नव्हती, चांगली भरलेली होती, आणि ती बसली की तिचं स्टूल कुरकुरायचं. पण इस्पितळाच्या तळमजल्यावर जो तपासणी विभाग होता, तिथे काप काढावेत तर तिनेच. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून घट्ट करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो बर्फावर गार करून यंत्राच्या पात्यासमोर लावायचा आणि चाक फिरवायचं. केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा काप पडतो. एकामागून एक पडणारे काप कडेला कड चिकटत जातात आणि त्यांची लांब फीत होते. ती ब्रशने उचलून कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात सोडायची, सुरकुत्या मोडू द्यायच्या आणि खालून काच घालून अलगद वर घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलेलं माणूस पहिला महिनाभर रडतं, कारण श्वास जोरात सोडला तरी फीत उडून जाते.

एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. जीभ तिखट. "हा काप आहे की भिंतीचा पोपडा?" असं ती चष्मेवालीला सर्वांदेखत विचारायची. चष्मेवाली म्हणजे विभागातली दुसरी टेक्निशियन, दोन मुलांची आई. कामाला ती वाईट नव्हती, पण पातळबाईच्या शेजारी बसून कुणाचं काम चांगलं दिसणार?

विभागात दोन नियम होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला पाण्याचा. दोन ब्लॉकच्या मधे भांड्यातल्या पाण्यावरून टिपकागद फिरवायचा. आधीच्या माणसाचा एखादा काप तरंगत राहिला तर तो पुढच्या माणसाच्या काचेवर चढतो, आणि एकाचा आजार दुसऱ्याच्या माथी बसतो. "पाणी आधी, ब्लॉक नंतर" हे पातळबाईने इतक्यांदा म्हटलं होतं की चष्मेवालीची मुलं घरी हात धुताना तेच म्हणायची. दुसरा नियम असा, की आपला किंवा आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही. फार पूर्वी इथल्या एका जुन्या टेक्निशियनने सख्ख्या भावाचा ब्लॉक कापायला घेतला होता. हात इतका थरथरला की चांगला काप येईपर्यंत तुकडाच संपला आणि तपासायला काही उरलं नाही. पातळबाईने हा नियम कधी मोडला नव्हता, कारण तशी वेळ तिच्यावर आली नव्हती.

ती आली एक्केचाळिसाव्या वर्षी.

पोटात दुखणं जुनंच होतं. दर महिन्याला चार दिवस आत कुणीतरी पीळ घातल्यासारखं व्हायचं, आणि गेली काही वर्षं ते चार दिवसांवर थांबेनासं झालं होतं. अकरा वर्षं ती डॉक्टरांना सांगत होती आणि अकरा वर्षं तिला हेच ऐकायला मिळत होतं, की काही बायकांचं दुखतंच. बाईचं दुखणं ही सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट. तिला स्वतःला विचारायची गरजच काय? सासूबाई म्हणत, "आमच्या वेळी आम्ही नाही बाई दुखतंय म्हणत बसलो." म्हणजे त्यांचंही दुखत होतं, एवढंच त्यातून समजायचं. शेवटी एका तपासणीत डाव्या बीजकोशावर गाठ दिसली. जुन्या, काळपट रक्ताने भरलेली, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात ती. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर पोटात कुठेतरी जाऊन बसतात आणि तिथेच मुळं धरतात.

नाव मिळालं म्हणून दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. पातळबाईला वाटलं नाही, कारण तिच्या आईची गाठही बीजकोशातच निघाली होती. तो कॅन्सर होता. आई गेली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

तिने आपल्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. साठीला आलेले, रोग्यांपेक्षा सूक्ष्मदर्शकाशी जास्त बोलणारे गृहस्थ. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांनी एकदम बघता येईल अशी दोन तोंडं होती. त्यांनी याच आजाराच्या एका बाईची जुनी स्लाइड लावली आणि पातळबाईला समोर बसवलं.

"पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जाणं पुष्कळ बायकांत होतं, बाई. बहुतेकींचं शरीर ते साफ करून टाकतं. हिचं का नाही केलं? त्या फुगलेल्या, तपकिरी पेशी दिसतायत? त्या भक्षक पेशी. प्रतिकारशक्तीच्या फौजेतल्या. यांचं काम झाडलोटीचं. इथे त्या आल्यात, रक्त खाऊन तपकिरी झाल्यात, पण घाण उचलायचं सोडून तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतायत. शेजारचे मज्जातंतू डिवचतायत, म्हणून दुखतं."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"अगदी तसंच."

"आणि टेन्शनने हे वाढतं का हो, सर? घरी सगळे म्हणतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. थोडा वेळ वाढलं तर ते आतली जळजळ शमवतं. पण ताण वर्षानुवर्षं राहिला तर या फौजेतल्या पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, असं दिसतं. ताणाची दुसरीही संप्रेरकं आहेत. उंदरांवर प्रयोग झालेत. सतत ताणात ठेवलेल्या उंदरांत या गाठी मोठ्या झाल्या. पण बाई, उंदीर म्हणजे बायका नव्हेत. दुखतं म्हणून ताण येतो की ताणामुळे जास्त दुखतं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना खायला घालत असावेत."

डॉक्टर बरंच काही बोलले होते. पातळबाईच्या डोक्यात त्यातले उंदीर तेवढे शिरले.

त्या दिवसापासून तिला भीतीचीच भीती वाटू लागली. दारावरची घंटा वाजली, छातीत धस्स झालं, की तिच्या मनात यायचं, गेला एक घोट गाठीला. रस्त्यात गाडीने कर्णा वाजवला, गेला आणखी एक. ती स्वतःला म्हणायची, घाबरू नकोस, आणि ते इतकं दरडावून म्हणायची की त्यानेच धडधड व्हायची. घरातला टीव्ही बंद झाला. सासूबाईंनी खोकताना आधी सूचना द्यावी, इथवर मजल गेली. सासूबाई म्हणाल्या, "खोकला काय विचारून येतो का गं?" तिला हसू आलं नाही. दोन बोटं मनगटावर ठेवून ती नाडी मोजत बसायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. स्वभावाने शांत, हाताला कायम ग्रीसचा वास. तो म्हणाला, "अगं, लिफ्ट पडेल म्हणून घाबरणारी माणसं मला रोज भेटतात. लिफ्ट अडकते, पडत नाही. तिला आतून पकडणारे ब्रेक असतात."

"आणि माझ्या आईचे ब्रेक कुठे होते?"

तो ग्रीसचे हात धुवायला उठला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर तीन छोटी भोकं. सर्जनबाई दुसऱ्या दिवशी खाटेशी आल्या. "गाठ काढली. आत बरंच चिकटलेलं होतं, तेही सोडवलं. गाठीच्या भिंतीवर एका ठिकाणी मला जरा वेगळं वाटलं. तपासायला पाठवलंय. बहुतेक काही नसेल."

बहुतेक हा शब्द ज्याने काढला, त्याला कधी आजारपण आलेलं नसावं. पातळबाईने तो शब्द घरी नेला आणि रात्रंदिवस चघळला. पाठवलंय म्हणजे कुठे पाठवलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली. तिच्याच टेबलावर. आणि तो तुकडा आता चष्मेवाली कापणार होती. भिंतीच्या पोपड्याएवढे जाड काप काढणारी चष्मेवाली! ते जरा वेगळं नखाएवढं असेल, त्याहून लहान असेल. ब्लॉकचा वरचा भाग सपाट करताना ते चष्मेवालीने खरवडून टाकलं तर? चष्मेवालीने आजवर असं कधी केलेलं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला नुसतं 'तर?' एवढंही पुरतं.

तिसऱ्या दिवशी ती टाक्यांवरची पट्टी बदलायला इस्पितळात आली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथेच बसा, मी खाली रजेचा कागद देऊन येते." पोटाशी हात धरून एकेक पायरी उतरत ती विभागात गेली. चष्मेवाली यंत्रावर होती. तिने नुकताच एक ब्लॉक कापला होता, त्याच्या फितीतला सुरुवातीचा भाग काचेवर घेतला होता आणि उरलेली शेपटी पाण्यावर तरंगत होती. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी आतून हाक मारली. "ताई, बसा हं, आलेच," म्हणत ती हातमोजे काढत आत पळाली.

बर्फावर पुढचे ब्लॉक ओळीने मांडले होते. पहिल्याच ब्लॉकवरचा नंबर पातळबाईने वाचला. तो तिचा होता.

ती उभी राहिली. मग बसली. दुसऱ्याच्या हातावर विश्वास टाकायला धीर लागतो, तो तिच्यापाशी नव्हता. यालाच ती मनात काळजी म्हणत होती. तिने ब्लॉक लावला, पातं सरकवून धारेची न वापरलेली जागा समोर घेतली आणि चाक फिरवलं. टाके ओढले जात होते. छाती इतकी धडधडत होती की तिला ती कानात ऐकू येत होती. पण हात मात्र एकोणीस वर्षांचा होता, तो हलला नाही. फीत उतरली, एकसारखी, कुठे चीर नाही. तिने ती पाण्यात सोडली आणि चार काचा भरल्या. स्वतःच्या पोटातली गोष्ट काचेवर इतकी नीट पसरलेली बघून तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

चष्मेवाली परत आली आणि दारातच थबकली. "ताई! अहो, हे काय केलंत?"

"झालं. छान आलेत. सरांना सांगू नकोस."

"ताई, पण आपला ब्लॉक..."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मग दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत तिने काय खाल्लं, कुणाशी काय बोलली, तिला सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन आला. मोठे डॉक्टर स्वतः बोलत होते. "बाई, जरा येऊन जा. येताना यजमानांना बरोबर आणा."

बरोबर कुणाला तरी आणा, हे वाक्य लोकांना फोनवर सांगायचं काम एकोणीस वर्षांत तिने कितीदा केलं होतं. ते कधी सांगतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? फोन ठेवून तिने नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी नवऱ्याला खुर्ची दिली आणि तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "तुमच्याशी मी लपवाछपवी करणार नाही. बघा."

तिने बघितलं. गाठीची भिंत. अस्तराच्या पेशी. त्यांच्याभोवती त्या फुगलेल्या, तपकिरी भक्षक पेशी, गर्दी करून बसलेल्या. अकरा वर्षांचं दुखणं तिथे उघड्यावर पडलं होतं. आता कुणाची टाप होती त्याला खोटं म्हणायची? मग डॉक्टरांनी स्लाइड सरकवली. काठाला, जरा अंतरावर, एक इवलासा तुकडा आला. त्यातल्या ग्रंथी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, केंद्रकं मोठी आणि काळी होती. हे तिने दुसऱ्यांच्या काचांवर शेकडो वेळा पाहिलं होतं. डॉक्टरांनी नाव सांगायची गरज पडली नाही. तिला आई आठवली, शेवटच्या दिवसांतली, गालांची हाडं वर आलेली.

"काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"हा तुकडा भिंतीला जोडलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून मी कापणारीला बोलावून विचारलं, पाणी पुसलं होतंस का. ती म्हणाली, हो सर, दर वेळी पुसते. मग हा तुमचाच धरावा लागेल. मनाची तयारी ठेवा."

पातळबाईने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. चष्मेवाली तिच्यासाठी खोटं बोलली होती. "सर," पातळबाई म्हणाली, "तिने नाही कापला. मी कापला."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचा आवाज चढला नाही, पण एकोणीस वर्षांत ते तिच्याशी असे बोलले नव्हते. "तुम्ही? हा नियम सगळ्यांना तुम्ही शिकवलात, बाई. पाणी पुसलं होतंत?"

ती आठवू लागली. ब्लॉक लावला, ते आठवत होतं. पात्याची जागा बदलली, तेही. पाण्यावर तरंगणारी शेपटी आठवत होती. कागद आठवत नव्हता. हात आपोआप तिकडे गेला असेल. गेला नसेलही. हजारो वेळा केलेली गोष्ट त्या एका वेळी केली होती की नाही, यावर तिचा जीव टांगलेला होता, आणि तिला आठवत नव्हतं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"मग दोन ब्लॉक परत कापायला हवेत. तुमचा, आणि तुमच्या आधीचा. आणि नीट ऐका. तुमच्या पुढच्या कापांत हा दिसला नाही, तेवढ्याने तुम्ही सुटत नाही. एवढासा तुकडा तुमचाच असेल आणि त्या चार काचांवरच संपलाही असेल. तो दुसऱ्या कुणाचा असेल, तर दुसऱ्या ब्लॉकमध्ये सापडला पाहिजे."

आधीचा ब्लॉक एका चौतीस वर्षांच्या बाईचा होता. गर्भाशयाच्या अस्तराची छोटी बायोप्सी. वरचे काप स्वच्छ होते, आणि काळजीचं कारण नाही असा रिपोर्ट कालच तिच्या हातात पडला होता.

कापायला चष्मेवाली बसली. पातळबाईला बाहेर बाकावर बसवलं. काप काढणं, काच सुकवणं, रंग देणं, सगळं मिळून तास-सव्वा तास लागणार, हे तिला ठाऊक होतं. आता कुठल्या बाटलीत काच बुडत असेल, हेसुद्धा बसल्या जागी कळत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून ती बसली. नवरा शेजारी. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तोही काही बोलत नव्हता. लिफ्टबद्दलसुद्धा नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ओठातल्या ओठात काय म्हणतेयस गं?"

ती दचकली. आपण काहीतरी म्हणतोय हे तिला कळलंच नव्हतं. मग तिने ऐकलं. ती म्हणत होती, तिच्यात सापडू दे. तिच्यात सापडू दे. देवा, तिच्यात सापडू दे.

माझ्यात नको, असं म्हटलं असतं तर कुणीही माफ केलं असतं. पण डॉक्टरांनी हिशेब इतका साफ सांगितला होता की तेवढ्याने भागत नव्हतं. हिने सुटायचं तर तिने अडकायला हवं होतं. कधी न पाहिलेल्या एका बाईच्या पोटात ती कॅन्सर मागत होती, आणि तो नीट, भक्तिभावाने मागत होती. तिने ओठ घट्ट मिटले. तरी आत ते चालूच राहिलं. आजवर तिला मरणाची भीती वाटली होती, दुखण्याची, दारावरच्या घंटेची. स्वतःची अशी भीती वाटायची ही पहिलीच वेळ.

"काही नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

दार उघडलं तेव्हा चष्मेवालीचे डोळे लाल झाले होते. आत डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून वर बघत म्हणाले, "तुमच्या ब्लॉकमध्ये नाही. खालपर्यंत कापला. साधी चॉकलेट सिस्ट आहे, तुमच्या भक्षक पेशींची गर्दी आहे, आणि दुसरं काही नाही." मग त्यांनी दुसरी काच लावली. "तिच्यात सापडला. आणखी खोल गेल्यावर. तिचाच आहे."

नवरा एकदम हसला आणि हसता हसता रडायला लागला. त्याने डॉक्टरांचे हात धरले. त्याला कशाचं भान असणार? बायको परत मिळाली होती त्याला. पातळबाई मात्र तशीच बसून राहिली. सुटल्याचं सुख तिच्या अंगात आलं होतं, अगदी पायांच्या तळव्यांपर्यंत, आणि ते थांबवता येत नव्हतं म्हणून तिला लाज वाटत होती.

"किती आहे, सर?"

"छोटा आहे. लवकर सापडलाय. चांगले उपचार आहेत यावर." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "तुम्ही पाणी पुसलं असतंत तर तो काप कागदाबरोबर टोपलीत गेला असता आणि ती बाई निर्धास्त राहिली असती. म्हणून मी तुम्हाला शाबासकी देणार नाही. काय घडलं ते सगळं इथे लिहितोय. सही करा. दोघीही."

तिने सही केली. मग मनातलं तिने विचारून टाकलं. "सर, मी इतकी घाबरत होते. त्यानेच माझं दुखणं वाढलं का?"

"तुमच्या भीतीने गाठ वाढली, याला माझ्याकडे पुरावा नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या भीतीने हात चुकला, याला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या बाईला बोलावलं होतं. पातळबाईला रजा होती, पट्टी बदलायची नव्हती, यायचं काही कारण नव्हतं. तरी ती आली आणि त्याच बाकावर बसली. नवऱ्याला तिने सांगितलंही नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना ती बाई आली. चटपटीत, एकटी, केस कापायच्या दुकानात काम करणारी. ते तिने बसल्या बसल्या स्वतःच सांगितलं, कारण बसताक्षणी तिची नजर पातळबाईच्या केसांवर गेली होती. "रागावू नका हं, पण किती कोरडे झालेत केस तुमचे. ऑपरेशन झालंय का काही? पोटाशी हात धरलाय म्हणून विचारलं."

"हो. झालंय."

"माझीही तपासणी होती. परवा रिपोर्ट आला, एकदम चांगला! मी तर दुकानात सगळ्यांना सांगून मोकळी झाले, आईलाही फोन केला. आता म्हणतात, एकदा येऊन जा. नाव-बीव चुकलं असेल, दुसरं काय? तुमचा आला का रिपोर्ट?"

पातळबाईला वाटलं, उठून जावं. "आला," ती म्हणाली.

"चांगला?"

"चांगला."

"बघा!" ती बाई मनापासून खूश झाली. तिने पातळबाईचा हात धरून दाबला. "अशा ठिकाणी असं कुणी भेटलं की बरं वाटतं. तुमचं चांगलं झालं ना? मग माझंही होईल."

रात्रभर पातळबाईने बोलायची वाक्यं जमवली होती, धीराची, उपचारांची, लवकर सापडल्याची. त्यातलं एकही आता तोंडात येईना, आणि ते सांगणं तिच्या हातातलं नव्हतंही. आतून दार उघडलं. डॉक्टरांनी नंबर पुकारला.

"चला, आलेच मी," ती बाई पिशवी उचलत म्हणाली.

"मी येते आत तुमच्याबरोबर."

"अहो, तुम्ही कशाला? दोन मिनिटांचं तर काम."

"नको," पातळबाई म्हणाली. "एकट्या जाऊ नका."

त्या बाईने तिच्याकडे पाहिलं. ओठांवरचं हसू होतं तिथेच राहिलं; डोळ्यांतलं गेलं. तिने दाराकडे पाहिलं, मग पुन्हा पातळबाईकडे. पातळबाईच्या हातातला तिचा हात गार पडत गेला. पातळबाईने तो सोडला नाही.